सारखें आणि तेंच

सारखें दिसणें आणि तेंच असणें यांतील अंतर आपल्या तत्त्वज्ञांना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. अंधुक प्रकाशांत दोरी सापासारखी दिसते, उन्हांत शिंपला रुप्यासारखा चमकतो. आणि या दोन दृष्टान्तांवर वेदान्त्यांनीं व नैयायिकांनीं ग्रंथांचे ग्रंथ रचले. परंतु या दृष्टान्तांत एक सोय आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. दिवा आणला कीं साप नाहींसा होतो. तेथें एक वस्तु खरी व दुसरी खोटी असते, आणि उजेड वाढला कीं वाद मिटतो. व्यवहारांत आपल्यापुढें येणारा पेंच बहुधा निराळा असतो. दोन्ही वस्तु खऱ्या, दोन्ही डोळ्यांसमोर, उजेड भर दुपारचा. आणि तरी त्या दोन आहेत कीं एकच, हें सांगतां येत नाहीं. किंबहुना उजेड जितका अधिक तितका संशयही अधिक. अशा वेळीं माणसानें काय करावें? 'दोन्ही एकच' म्हणून मोकळें व्हावें, कीं भेद शोधीत बसावें? आणि भेद शोधणें हा केवळ बुद्धीचा छंद आहे, कीं त्यांत कर्तव्याचाही कांहीं अंश आहे?

या प्रश्नाचा विचार एखाद्या भव्य उदाहरणावरून करण्यापेक्षां अगदीं क्षुद्र उदाहरणावरून करावा असें मला वाटतें. कारण भव्य उदाहरणांत आपले रागद्वेष आधींच गुंतलेले असतात. म्हणून मी दलदलींत उगवणाऱ्या एका गवतवजा वनस्पतीचें उदाहरण घेतों. तिच्याविषयीं कोणाच्या मनांत राग नाहीं कीं लोभ नाहीं.

युरोपांतील ओलसर कुरणांत, ओढ्यांच्या कांठीं, पाणथळ माळांवर जुंकस नांवाच्या वनस्पतीचे हिरवे झुबके उभे असतात. नांव लॅटिन असून त्याचा संबंध 'बांधणें' या अर्थाच्या धातूशीं लावतात, कारण तिचे दांडे बांधण्याच्या कामीं येत. वाचकांना लव्हाळ्याची आठवण होईल, आणि दुरून पाहणाऱ्याला ती होणें साहजिक आहे. पण लव्हाळ्याचा दांडा तिधारी, जुंकसचा वाटोळा. लव्हाळ्याच्या फुलामागें एकच बीजवजा फळ धरतें; जुंकसचें फूल भिंगाखालीं धरलें तर सहा पाकळ्यांची, लिलीच्या फुलाची जणूं तपकिरी, चिमुकली नक्कल दिसते, आणि त्याच्या बोंडांत बारीक बिया पुष्कळ असतात. या प्रजातींत सुमारें 300 जाती आहेत. बहुतेक थंड व समशीतोष्ण प्रदेशांतल्या. आपल्या देशांत हिमालयाच्या ओल्या उतारांवर त्यांतल्या कित्येक सांपडतात.

या तीनशेंपैकीं दोनच जाती आपण घेऊं. लिनीअस या स्वीडिश पंडितानें 1753 सालीं प्रसिद्ध केलेल्या 'स्पीशीज प्लँटेरम' या ग्रंथांत दोघींना नांवें दिलीं: एक जुंकस एफ्यूझस, म्हणजे पसरलेला, दुसरा जुंकस काँग्लोमेरेटस, म्हणजे गोळा झालेला. दोघांचेही दांडे कमरेएवढे, हिरवे, निष्पर्ण. बुडाशीं तपकिरी आवरणें. आणि फुलोरा टोंकाला नसून दांड्याच्या एका बाजूनें फुटल्यासारखा दिसणारा. पहिल्याचा फुलोरा सैल व पसरट, दुसऱ्याचा गोंड्यासारखा घट्ट. नांवें याच भेदावरून पडलीं, आणि येथवर सर्व सोपें आहे.

पंचाईत पुढें आहे. पसरलेल्या जातीचाच एक प्रकार असा आहे कीं त्याचा फुलोरा घट्ट गोंड्यासारखा असतो; आणि गोळा झालेल्या जातीचीं कांहीं झाडें आपला गोंडा सैल सोडतात. म्हणजे ज्या लक्षणावरून नांव पडलें तेंच लक्षण दगा देतें. आपल्या न्यायशास्त्रांत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. 'शिंगें असलेला पशु ती गाय' असें म्हटलें तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ति. 'कपिल वर्णाची ती गाय' म्हटलें तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. आणि 'एका खुराची ती गाय' म्हटलें तर कोणतीच गाय उरत नाहीं, हा असंभव. घट्ट गोंडा या लक्षणांत पहिले दोन दोष एकाच वेळीं नांदतात. गायीच्या बाबतींत नैयायिकांनीं शेवटीं गळ्याखालची पोळी हें निर्दोष लक्षण शोधून काढलें. जुंकसची पोळी कोठें आहे?

ती बोटांच्या टोंकांत आहे. फुलोऱ्याच्या लगत खालीं दांडा चिमटींत धरून फिरवला तर एफ्यूझसचा दांडा गुळगुळीत लागतो, चकाकतोही. काँग्लोमेरेटसच्या दांड्याला उभे कंगोरे हाताला स्पष्ट जाणवतात, दहापासून तीसपर्यंत, आणि त्याला तकाकी नसते. फुलोऱ्याच्या वर जें पान दांड्याचाच शेंडा असल्यासारखें सरळ चढतें, त्याचें बूड काँग्लोमेरेटसमध्यें रुंद व उघडें असतें, एफ्यूझसमध्यें तसें नसतें. बोंड पिकल्यावर त्याच्या माथ्यावरील खळग्यांत काँग्लोमेरेटसला एक लहानसा उंचवटा असतो, एफ्यूझसला नुसता खळगा. शिवाय काँग्लोमेरेटस कांहीं आठवडे आधीं फुलतो. यांपैकीं एकेकट्या लक्षणावर विसंबून निकाल देऊं नये, दोन-तीन जुळलीं म्हणजे द्यावा, असा जाणत्यांचा शिरस्ता आहे. आणि एवढ्यावरही दोन्ही जातींचा संकर होतोच. त्या संकराचीं झाडें प्रत्येक लक्षणांत मधोमध उभीं राहतात आणि पाहणाऱ्याचा शिरस्ता कोठें संपतो तें दाखवून देतात.

आतां कोणीही सुज्ञ वाचक विचारील, कीं एवढ्या उठाठेवीचें फळ काय? तुकोबांच्या अभंगांतला लव्हाळा पुरांत टिकतो तो त्याच्या नम्रतेनें. तो नक्की कोणत्या जातीचा, हें विचारून त्या अभंगाचा अर्थ तसूभरही वाढत नाहीं. हें मला मान्य आहे. दृष्टान्ताला जेवढें ज्ञान लागतें तेवढें संतांनीं घेतलें व बाकीचें टाकलें, आणि त्यांनीं योग्य तेंच केलें. पण लव्हाळ्याचा दृष्टान्त करणारा एक आणि लव्हाळ्यावर ज्याचें घर चालतें तो दुसरा. या दुसऱ्याकडे आपण सहसा पाहत नाहीं.

इंग्लंडांतील सेलबोर्न या खेड्यांतला पाद्री गिल्बर्ट व्हाइट यानें 1 नोव्हेंबर 1775 या तारखेच्या पत्रांत जुंकसच्या वातींची सगळी हकीकत लिहून ठेवली आहे. तें पत्र पुढें त्याच्या 1789 च्या ग्रंथांत आलें. आपल्याकडे वात कापसाची, म्हणून ही कल्पना आपणांस नवी वाटेल. जुंकसची साल सोलून काढली म्हणजे आंत भेंडासारखा पांढरा, हलका, अखंड गाभा निघतो. सालीची एकच बारीक पट्टी आधाराला ठेवावयाची, सोललेले दांडे रात्रीं दंवांत पसरून ठेवावयाचे, उन्हांत वाळवावयाचे आणि मग स्वयंपाकांत निघालेल्या चरबींत बुडवावयाचे, कीं झाली गरिबाची मेणबत्ती. दोन फूट साडेचार इंच लांबीची एक चांगली वात तासाला तीन मिनिटें कमी इतका वेळ जळली, असें व्हाइट घड्याळ लावून सांगतो. वाळलेल्या दांड्यांचा एक रत्तल त्यानें मोजला, त्यांत सोळाशेंहून अधिक दांडे भरले. सर्व हिशेब करून, एका फार्दिंगांत, म्हणजे पेनीच्या चौथ्या हिश्श्यांत, गरीब कुटुंबाला साडेपांच तास उजेड मिळतो, असा त्यानें निष्कर्ष काढला. धर्मोपदेशकानें लिहिलेलें हें पत्र मला पुष्कळ प्रवचनांपेक्षां मोलाचें वाटतें. कारण त्यांत गरिबांविषयीं हळहळ नसून त्यांच्या उजेडाचा हिशेब आहे.

त्याच पत्रांत एका पूर्ण आंधळ्या म्हातारीचा उल्लेख आहे. ती हे दांडे झपाट्यानें सोली आणि तिचा हात क्वचितच चुके. आतां त्याच प्रदेशांत जुंकसची तिसरीही एक जाति वाढते, जुंकस इन्फ्लेक्सस. तिचा दांडा निळसर करडा, कंगोरेदार व ताठ, आणि गाभा अखंड नसून तुटक, शिडीच्या पायऱ्यांसारखा. तुटक गाभ्याची सबंध वात निघत नाहीं. म्हणजे वातींसाठीं दांडे कापावयास जाणाऱ्या बायकामुलांना हा भेद ओळखणें प्राप्तच होतें. त्यांना लॅटिन येत नव्हतें. पण ज्याला आपण सूक्ष्म ज्ञान म्हणतों तें त्यांच्या हातांत होतें. जपानांत तातामी नांवाच्या चटया एफ्यूझसच्याच ज्या एका प्रकारापासून विणतात, त्याला वनस्पतिशास्त्रज्ञांनीं 'डेसिपिएन्स' म्हणजे फसवणारा असें नांव दिलें आहे. तेथील चटया विणणाऱ्यांना तो फसवीत असेल असें मला वाटत नाहीं.

येथें एक गंमतीची गोष्ट नमूद करावयास हवी. व्हाइटनें वातींच्या या वनस्पतीला मऊ जुंकस असें लोकभाषेंतलें नांव देऊन तिचें लॅटिन नांव काँग्लोमेरेटस असें दिलें आहे. आज इंग्रजींत मऊ जुंकस म्हणतात तो एफ्यूझस. म्हणजे नांवाच्या काटेकोर दृष्टीनें पाहिलें तर व्हाइटच्या हातांत नेमकी कोणती जाति होती, कीं दोन्ही होत्या, हें त्याच्या नांवावरून ठरत नाहीं. आणि तरीही त्या पत्रांतलें एक वाक्य खोटें आहे असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. त्यानें सोललें, मोजलें, जाळलें, आणि जें झालें तें लिहिलें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण विसाव्या शतकांतलें आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस रम नांवाचें एक बेट आहे. न्यूकॅसल येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेस्लॉप हॅरिसन, रॉयल सोसायटीचे सदस्य आणि मोठ्या दराऱ्याचे गृहस्थ, यांनीं त्या बेटावर अनेक दुर्मिळ वनस्पती सांपडल्याचें जाहीर केलें. हिमयुगांतही कांहीं वनस्पती तेथें तग धरून राहिल्या असाव्या, या मताला त्या शोधांनीं बळकटी येत होती. त्या वनस्पतींत जुंकस कॅपिटेटस नांवाचा एक बोटभर जुंकसही होता. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांतील जॉन रेव्हन हा व्यवसायानें ग्रीक-लॅटिनचा अध्यापक, वनस्पतींचा केवळ हौशी अभ्यासक. तो 1948 सालीं बेटावर जाऊन आला. यांतल्या कांहीं वनस्पती तेथें कोणीतरी लावलेल्या आहेत, असा त्याचा निष्कर्ष झाला. बेटाच्या त्या भागांत एरव्हीं न आढळणारें बागेंतलें तण त्यांच्या सोबतीनें उगवलेलें होतें. 1949 सालीं 'नेचर' मध्यें त्यानें एक अत्यंत सौम्य टिपण छापलें. सविस्तर अहवाल कॉलेजच्या ग्रंथालयांत बंद राहिला, आणि कार्ल सॅबॅग याच्या 1999 सालच्या पुस्तकामुळें ती हकीकत सर्वांपुढें आली.

या प्रकरणांत मला विचार करावयास लावणारी गोष्ट ही, कीं ओळखण्यांत कोठेंही चूक नव्हती. कॅपिटेटस हा कॅपिटेटसच होता. लक्षण निर्दोष, नांव अचूक. खोटें होतें तें हें, कीं तो तेथें आपण होऊन उगवला. व्हाइटचें नांव ढिलें आणि विधान खरें. रम बेटावरचें नांव खरें आणि विधान खोटें. तेव्हां सूक्ष्म भेद करण्याचें कौशल्य म्हणजेच सत्यनिष्ठा, असें समीकरण मांडतां येत नाहीं. कौशल्य हें हत्यार आहे; तें प्रामाणिक माणसाच्या हातीं असतें तसेंच दुसऱ्याच्याही हातीं असूं शकतें, आणि दुसऱ्याच्या हातीं तें अधिक भयंकर, कारण पाहणारा त्याच्या अचूकपणावर भाळतो. मग भेद ओळखण्यांत कर्तव्याचा अंश कोठें राहिला? मला वाटतें, तो नांव देण्याच्या आधींच्या क्रियेंत आहे. वाकून, हातांत घेऊन पाहण्यांत आहे.

हें म्हणतांना एका आक्षेपाची मला पूर्ण जाणीव आहे, आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. लॅटिनमधील 'स्पीशीज' या शब्दाला आपण मराठींत 'जाति' म्हणतों. हा शब्द या देशांत उच्चारला कीं दलदलींतला झुबका डोळ्यांपुढें येत नाहीं. ज्या समाजानें भेद करण्यांत शतकानुशतकें हयात घालविली, त्याला भेद ओळखण्याचा उपदेश कशाला, असें कोणी म्हणेल, तर तो रागावून म्हणाला तरी मी त्याला दोष देणार नाहीं. पण दोन्ही ठिकाणची कृति शेजारीं ठेवून पाहावी. जुंकसच्या बाबतींत आधीं झाड, मग नांव. आणि नांव दिल्यावरही पुढचें प्रत्येक झाड त्या नांवाची नव्यानें परीक्षा घेतें, पुरावा विरुद्ध गेला तर नांव बदलावें लागतें. आमच्या समाजांत आधीं नांव, आणि तें कळल्यावर माणसाकडे पाहण्याची गरजच उरत नसे; कोणत्याही पुराव्यानें तें नांव बदलत नसे. शिवाय जुंकसचा भेद स्पर्शानें कळतो. आम्ही ज्या भेदाला धर्म म्हटलें त्यांत स्पर्शालाच बंदी होती. 1950 सालीं अमलांत आलेल्या संविधानाच्या 17 व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. मनाच्या व्यवहाराचा हिशेब कलमानें होत नाहीं, तो घरोघर ज्यानें त्यानें पाहावा.

आणि हा दोष आमच्याच वांट्याला आला असेंही नाहीं. ज्या लिनीअसनें 1753 सालीं दोन जुंकस निराळे केले, त्यानेंच 1758 सालीं आपल्या 'सिस्टिमा नाचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत मनुष्यजातीचे चार खंडांप्रमाणें चार प्रकार पाडून प्रत्येकाला वर्ण व स्वभाव चिकटविला. आशियाचा मनुष्य पिवळट, खिन्न व ताठर. युरोपाचा गोरा व उत्साही, आणि कायद्यानें चालणारा. लिनीअस युरोपाच्या बाहेर कधीं गेला नव्हता. स्वीडनच्या दलदलींत उभ्या असलेल्या झुडपाला त्यानें जेवढा न्याय दिला तेवढा सबंध आशिया खंडाला दिला नाहीं. त्याच माणसाची, त्याच लेखणीची ही दोन कामें. एकांत त्यानें पाहिलें होतें, दुसऱ्यांत ऐकलें होतें.

आपण सुशिक्षित मंडळी असलें वर्गीकरण आतां उघडपणें करीत नाहीं. आपली रीत उलट आहे. आपण एकत्र करून टाकतों. 'तीं माणसें सगळीं सारखींच', हें वाक्य किती सुसंस्कृत घरांत, किती सहज ऐकूं येतें! कामाला येणाऱ्या बायका, भाजीवाले, परप्रांतांतून आलेले मजूर, शेजारच्या वस्तींतलीं मुलें, सगळीं सारखींच. स्वतःच्या चार भाचरांचे चार स्वभाव ज्या आत्याबाई तासभर वर्णन करून सांगतात, त्यांनाच घरीं वीस वर्षें राबणाऱ्या बाईच्या मुलांचीं नांवें ठाऊक नसतात. हें उदारपणाचें समत्व नव्हे. चुलींतला उजेड ज्यांच्या हातून येतो त्यांच्याकडे पाहण्याचे कष्ट वांचविण्याची ती युक्ति आहे; आणि वरून ती समदृष्टीचें सोंगही आणते, म्हणून मला ती भेद करणाऱ्याच्या उद्दामपणाहून कांहीं कमी निंद्य वाटत नाहीं.

एक गोष्ट मात्र पाहणाऱ्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे. नीट पाहूनही पुष्कळदां निकाल लागत नाहीं. संकराच्या झाडाला शास्त्रज्ञ दोन्ही मातापित्यांच्या नांवांमध्यें गुणाकाराची खूण घालून लिहितात, आणि जेथें तेवढीही खात्री नसते तेथें जातीची जागा कोरी ठेवून 'जुंकस' एवढेंच लिहितात. परीक्षा द्यावयास बसलेल्या विद्यार्थ्याला हें फार कठीण जातें. कोरी जागा म्हणजे अपयश, असें आमच्या शिक्षणानें आम्हांला लहानपणापासून पढविलें आहे. कुतूहल पुरें पण पुरावा अपुरा, अशा वेळीं हात आवरून धरणें हें फुलोरा पाहतांक्षणीं नांव ठोकून देण्यापेक्षां अधिक श्रमाचें काम आहे. न्यायाधीशाला संशयाचा फायदा देण्याची मुभा असते. जो रोज आपल्या शेजाऱ्याविषयीं मत बनवितो त्यालाही ती आहे, पण तो ती क्वचितच वापरतो.

जुंकसच्या बाबतींत तर निसर्गानें आणखी एक अडचण घालून ठेवली आहे. एफ्यूझसचा दांडा ताजा असतां गुळगुळीत असतो. वाळला कीं आकसून त्यावरही बारीक रेघा उमटतात. म्हणून संग्रहालयांतल्या कागदावर चिकटविलेल्या नमुन्यावरून निर्णय करणें जिवंत झाडावरून करण्यापेक्षां कठीण होऊन बसतें. बोंडें पिकलेलीं असलीं तर त्यांच्या माथ्यावरचा खळगा भिंगानें तपासतां येतो; कोंवळा असतांच तोडलेला नमुना असला तर तेंही साधन जातें. ज्यानें तो तोडला त्यानें त्याच दिवशीं चिठ्ठीवर 'ताजा दांडा गुळगुळीत' किंवा 'कंगोरेदार' एवढे दोन शब्द लिहून ठेवले असले, तर नमुना शंभर वर्षांनींही बोलतो. पुष्कळ चिठ्ठ्यांवर गांवाचें नांव असतें, तारीख असते, तोडणाऱ्याची वळणदार सही असते, आणि हे दोन शब्द तेवढे नसतात.